श्वानपालनाचा अपुरा हिशेब

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व तिच्या परिसरातील भटकी कुत्री पकडून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला आणि नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्र्यांचा अपवाद करून, मूळ जागी सोडण्याची मुभा दिली. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून कुत्री हटविण्यास सांगण्यात आले. या आदेशांच्या निमित्ताने देशभर जो वाद माजला, त्यात एका बाजूस प्राणिमित्र व दुसऱ्या बाजूस त्रस्त नागरिक अशी सरळ फाळणी झाली. या गदारोळात एक पक्ष मात्र साळसूदपणे बाजूला राहिला. तो म्हणजे पाळीव कुत्र्याचा मालक. रस्त्यावरचा कुत्रा हा नगरपालिकेचा प्रश्न आणि घरातला कुत्रा हा ज्याचा त्याचा खासगी मामला, अशी वाटणी दोन्ही बाजूंनी गृहीत धरली. ही वाटणी हिशेबाच्या कसोटीवर टिकत नाही. घरातल्या कुत्र्याच्या खर्चाचा जो भाग मालक मोजत नाही, तो कोठेतरी, कोणाला तरी भरावाच लागतो. आणि बहुतेक वेळा तो रस्त्यावर भरला जातो.

उष्ट्यावरचा कुत्रा

कुत्रा मराठी माणसाला नवा नाही. दत्तात्रेयाच्या पायांशी चार कुत्री आहेत, खंडोबाच्या परिवारात कुत्र्याला मान आहे आणि कोरडी पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव घराघरांत सांगितले जातात. धनगरांच्या कळपामागून चालणारा, शेतातल्या वस्तीवर रात्रभर भुंकणारा किंवा कोकणातल्या वाडीत पडवीच्या पायरीशी अंग मुडपून पडलेला कुत्रा हा कुटुंबाच्या मालमत्तेइतकाच आळीच्या मालमत्तेचाही भाग होता. त्याचे अर्थकारण साधे होते. शिळ्या भाकरीचा तुकडा, कालवणाचे खरकटे, कोठे बकरे कापले गेले तर हाडके, एवढ्यावर त्याचे भागे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर त्याच्या पालनाचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य होता आणि त्याबदल्यात राखणीची सेवा मिळत होती.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या कुत्र्याला औषध माहीत नव्हते. विणीतली निम्मीशिम्मी पिल्ले रोगराईने आणि उपासमारीने मरत, आणि कुत्रा पिसाळला की गाव काठ्या घेऊन त्याच्यामागे लागे. शहरांत तर सरकारच कुत्री मारीत असे. १८३२ साली मुंबईत कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालविली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल उसळली. कुत्र्याच्या प्रश्नाने शहराची शांतता बिघडण्याचा प्रकार दिल्लीत पहिल्यांदा घडला असे नव्हे.

शहरातल्या सदनिकेने ही जुनी व्यवस्था मोडली. उरलेले अन्न शीतकपाटात जाऊ लागले, कचरा पिशवीत बांधून खाली जाऊ लागला, आणि राखणीसाठी पहारेकरी व कॅमेरा आला. कुत्र्याला द्यावयाचे उष्टे संपले आणि त्याच्याकडून घ्यावयाची सेवाही संपली. तरीही कुत्रा घरात आला, किंबहुना पूर्वीपेक्षा अधिक आत आला. पडवीतून तो दिवाणखान्यात आणि दिवाणखान्यातून शेजघरात पोहोचला. उत्पादनाचे साधन होते ते उपभोगाची वस्तू झाले, आणि उपभोगाची वस्तू झाली की तिला अंदाजपत्रकात स्वतंत्र रकाना लागतो. तो रकाना मांडावयाचे बहुसंख्य कुटुंबे टाळतात.

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १८९९ साली, सुखवस्तू वर्गावरील आपल्या गाजलेल्या ग्रंथात, कुत्र्याची अशीच कठोर चिकित्सा केली होती. त्याच्या मते ज्या प्राण्याचा काहीही उत्पादक उपयोग नाही आणि ज्याच्यावर खर्च मात्र होतो, तो प्राणी ऐपतीच्या प्रदर्शनाला उत्तम. आपल्या शहरांतील काही कुत्र्यांना हे वर्णन चपखल बसते. बर्फाळ प्रदेशासाठी निसर्गाने दुहेरी केसाळ कातडे दिलेला हस्की नागपुरी उन्हाळ्यात वातानुकूलित खोलीत कोंडून ठेवणे, याला दुसरे कोणते नाव देणार? २००३ साली हच या दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे चालणारा पग दिसला आणि पाहता पाहता ही जात मध्यमवर्गाच्या घराघरांत शिरली. चपट्या नाकामुळे त्याला आपल्या हवेत धाप लागते, डोळ्यांचे व कातडीचे विकार जडतात, हे जाहिरातीत कोणी सांगितले नव्हते. उपभोगातील अनुकरणाचा परिणाम वर्गात शिकवावयाचा झाल्यास याहून सुटसुटीत उदाहरण मिळणार नाही.

परंतु व्हेब्लेनची चौकट अपुरीही आहे. मुले बंगळुरूला किंवा परदेशी गेलेली आणि दोन खोल्यांत निवृत्त शिक्षक व त्याची पत्नी उरलेली, अशा घरात संध्याकाळी दार उघडताच शेपूट हलविणारे कोणी असणे याचा उपयोग आकड्यांत मांडता येत नाही म्हणून तो शून्य ठरत नाही. एकुलत्या एका मुलाच्या घरातही तसेच. कुत्रा पाळणे म्हणजे केवळ श्रीमंती चोचले, ही समजूत आता कालबाह्य झाली आहे. कारकून, परिचारिका, रिक्षाचालक यांच्या घरांतही आज पट्टा बांधलेला कुत्रा दिसतो. म्हणूनच त्याच्या खर्चाचा प्रश्न चोचल्यांपुरता उरलेला नाही.

पिल्लाची किंमत आणि कुत्र्याचा खर्च

पिल्लू घेताना कुटुंब जी चर्चा करते ती किमतीची. पंधरा हजारांना मिळते की वीस हजारांना, कागदपत्रांसह की त्यांच्याविना, यावर घासाघीस होते. एका लॅब्रॅडॉरचे सरळ गणित मांडून पाहावे. तीस किलो वजनाच्या या कुत्र्याला महिन्याकाठी साधारण दहा किलो सुके तयार खाद्य लागते. मध्यम प्रतीच्या खाद्याचा दर किलोला तीनशे रुपये धरला तर महिन्याला ३,०००, म्हणजे वर्षाला ३६,००० रुपये झाले. लसी, जंतांची व गोचिडांची औषधे, वर्षातून दोन-चार वेळा वैद्याची फी मिळून आठ हजार. पट्टे, अंथरूण, आंघोळ, नखे यांसाठी चार हजार. एकूण वर्षाला ४८,०००. लॅब्रॅडॉरचे आयुष्य अकरा वर्षे धरल्यास आजच्या भावाने, महागाई न मिळविता, ५ लाख २८ हजार रुपये. पिल्लू अठरा हजारांना घेतले असेल तर त्याची किंमत एकंदर खर्चाच्या शेकडा तीन-सव्वातीन भरते. घासाघीस चालते ती या तीन टक्क्यांवर. उरलेले सत्त्याण्णव टक्के ‘पाहू पुढे’ या खात्यावर टाकले जातात.

या गणितात एकही शस्त्रक्रिया नाही. मोठ्या जातींच्या कुत्र्यांना खुब्याचा विकार जडतो, गोचिडांमुळे येणारा ताप पावसाळ्यानंतर घरोघरी येतो, आणि म्हातारपणी मूत्रपिंडे दगा देतात. अशा वेळी महिन्याभरात वर्षाचा खर्च उडून जातो. माणसासाठी सरकारी रुग्णालय आहे, गायी-म्हशींसाठी तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे; शहरी कुत्र्यासाठी मात्र मुख्यतः खासगी दवाखानाच आहे. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून सेवा देत आहे आणि २०२४ साली महालक्ष्मीला टाटा न्यासांचे लहान प्राण्यांचे अद्ययावत रुग्णालय सुरू झाले, परंतु ही मुंबईची भाग्ये झाली. सोलापूर किंवा धुळ्याच्या मालकाला क्ष-किरण आणि रक्ततपासणी यांसाठीही कधी दूरच्या शहराची वाट धरावी लागते. प्राण्यांच्या विम्याची सवय आपल्याकडे रुजलेली नाही. करपद्धतीचा दृष्टिकोनही बोलका आहे. जनावरांच्या पेंडीला वस्तू व सेवा कर माफ, आणि डबाबंद श्वानखाद्यावर तो १८ टक्के. गाय ही गरज आणि कुत्रा ही चैन, असा सरकारचा निर्णय त्यात उघड दिसतो.

घरचे अन्न देणाऱ्याचा खर्च अर्थातच कमी होतो. पंधरा-सोळा किलोच्या गावठी कुत्र्याला भात किंवा भाकरी, अंडी, थोडी कोंबडी आणि डाळ मिळून दिवसाला चाळीस-पन्नास रुपये पुरतात. त्याची प्रकृतीही आपल्या हवेला सरावलेली असते. वर्षाला वीस हजारांत त्याचे सारे भागते. लॅब्रॅडॉरच्या निम्म्याहून कमी खर्चात तेवढेच प्रेम पदरात पडते, हे ठाऊक असूनही गावठी पिल्लू घेण्यात कमीपणा वाटतो. मुधोळ, राजपाळयम, रामपूर आणि हिमालयी मेंढपाळ या देशी जातींवर टपाल खात्याने २००५ साली तिकिटे काढली. पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२०मधील आकाशवाणीवरील भाषणात देशी कुत्री पाळण्याचे आवाहन केले. पण बाजाराची चव अशा आवाहनांनी सहसा बदलत नाही.

पैशाखेरीज दुसरा खर्च वेळेचा आहे, आणि तो कोणाच्या वेळेचा हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पिल्लासाठी हट्ट मुलांचा असतो, होकार वडिलांचा असतो, आणि पहाटे साडेपाचला पट्टा हातात घेऊन जिना उतरणारी बहुधा आई असते. जेवण शिजविणे, केस झाडणे, पावसाळ्यात ओले पाय पुसणे, गोचीड वेचणे ही कामे तिच्या किंवा मोलकरणीच्या अंगावर पडतात. दिवाळीतील फटाक्यांच्या रात्री पलंगाखाली थरथरत बसलेल्या कुत्र्याजवळ कोणाला तरी बसावे लागते. गावी लग्न निघाले की घर अडते. रेल्वेने न्यावयाचे तर वातानुकूलित पहिल्या वर्गाची स्वतंत्र खोली घ्या किंवा सामानाच्या डब्यातील पेटीत कोंडून पाठवा, एवढेच दोन मार्ग आहेत. कुत्र्यांच्या वसतिगृहात ठेवावे तर दिवसाला पाचशे ते हजार रुपये मोजावे लागतात. गृहनिर्माण संस्थेतील कुरबुरी वेगळ्याच. कुत्रा पाळण्यास बंदी घालण्याचा किंवा उद्वाहकाच्या वापरासाठी वेगळे शुल्क घेण्याचा अधिकार संस्थांना नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले. तथापि जिन्यातली घाण उचलण्याचे कर्तव्य मालकाचे आहे, ही त्याच सूचनांची दुसरी बाजू अनेक श्वानप्रेमींना सोयीस्करपणे आठवत नाही.

या साऱ्या न मोजलेल्या खर्चाचे ओझे असह्य झाले की काही मालक काय करतात, हे पुणे-मुंबईच्या सीमेवरील कोणत्याही टेकडीच्या किंवा घाटाच्या रस्त्यावर पाहावयास मिळते. गळ्यात पट्ट्याचा वळ असलेला, मोटारींच्या मागे धावणारा, उष्टे शोधण्याचीही अक्कल नसलेला जातिवंत कुत्रा तेथे दिसतो. २०२०-२१च्या टाळेबंदीत एकाकीपणावर उतारा म्हणून पिल्ले घरी आली आणि कचेऱ्या उघडल्यावर त्यांतील काही रस्त्यावर गेली, असे अनुभव प्राण्यांसाठी काम करणाऱ्यांनी मोठ्या शहरांतून सांगितले. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्यानुसार कुत्र्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे. त्या कायद्याने पहिल्या गुन्ह्यासाठी ठरविलेला दंड १० ते ५० रुपये आहे. १९६० साली ५० रुपये म्हणजे शिपायाच्या पगाराचा मोठा हिस्सा होता. आज त्यात कुत्र्याचे एक दिवसाचे जेवण येते. एकीकडे वर्षाला ४८,००० रुपये आणि दुसरीकडे ५० रुपये, तेही पकडले गेल्यास, असा पर्याय समोर ठेवल्यावर सर्वच माणसे सदसद्विवेकाने वागतील अशी अपेक्षा कोणत्याही कायद्याने करू नये. दंड वाढविण्याच्या दुरुस्तीचा मसुदा केंद्राने २०२२ साली प्रसिद्ध केला होता.

रस्त्यावरच्या सगळ्या कुत्र्यांना सोडलेली पाळीव कुत्री कारणीभूत आहेत असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. २०१९च्या पशुगणनेत देशात १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली. त्यांतील बहुसंख्य रस्त्यावरच जन्मलेली असणार. परंतु नसबंदी न केलेला पाळीव नर रात्री दाराबाहेर सोडला जातो, मादीची नको असलेली पिल्ले खोक्यात घालून देवळामागे ठेवली जातात, आणि नगरपालिकेने पैसे खर्चून राबविलेल्या नसबंदी मोहिमेला अशी गळती लागते. एका बाजूने पालिका पाणी उपसते आणि दुसऱ्या बाजूने खासगी नळ चालू राहतो.

नोंद कशाची आणि कशासाठी

रेबीजच्या बाबतीत खासगी व सार्वजनिक यांतली भिंत पूर्णपणे कोसळते. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळपास निरपवादपणे प्राणघातक ठरतो. २०२४ साली देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना सरकारदरबारी नोंदल्या गेल्या. चावा घेणारा कुत्रा प्रत्येक वेळी भटका असतो असेही नाही. कुत्र्याला वर्षाकाठी द्यावयाच्या रेबीजच्या लसीला काहीशे रुपये लागतात. ती चुकविलेल्या कुत्र्याने शेजारच्या मुलाला चावा घेतला तर मुलाला चार-पाच मात्रा, जखम खोल असल्यास महागडे प्रतिद्रव्य, आणि आईबापांची काही दिवसांची मजुरी बुडणे, हा सारा खर्च मालकाच्या वहीत कोठेच लागत नाही. सरकारी रुग्णालयातली लस मोफत असते याचा अर्थ ती सर्वांच्या करातून येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एखाद्या भागातील ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली की रोगाची साखळी तुटते. विषाणू मालकी पाहत नसल्याने या सत्तर टक्क्यांत पाळीव व भटकी दोन्ही मोजावी लागतात. शेजारच्या गोव्याने हे करून दाखविले. गेल्या दशकात तेथे सरकार आणि स्वयंसेवी पथके यांनी मिळून गावोगाव दारोदार फिरून पाळीव कुत्री आणि जाळ्यांनी पकडून भटकी कुत्री टोचली, प्रत्येक लसीची मोबाइलवर नोंद ठेवली, शाळांतून मुलांना शिकविले. कुत्र्यांमधील रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि २०२१ साली गोवा देशातील पहिले रेबीजनियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. तेथे कुत्री नाहीशी झाली नाहीत. ती समुद्रकिनाऱ्यावर आजही सुखाने लोळतात.

गोव्याच्या यशात लसीइतकाच वाटा नोंदीचा होता, आणि महाराष्ट्राची दुबळी बाजू नेमकी तीच आहे. कुत्र्यांवर कर बसविण्याचा अधिकार आपल्या महापालिकांना १९४९च्या अधिनियमापासून आहे. मुंबई-पुण्यात कुत्र्याचा परवाना काढणे बंधनकारक आहे. तरी कोणत्याही मध्यम आकाराच्या वसाहतीत सकाळी फिरावयास निघालेली कुत्री मोजावीत आणि त्यांच्या मालकांना परवान्याचा कागद विचारावा. उत्तर ठरलेले आहे. परवाना नाही म्हणून कोणी अडवीत नाही आणि आहे म्हणून काही मिळत नाही, तेव्हा मालकाला दोष देण्यात फारसा अर्थ नाही. ज्या शुल्काच्या बदल्यात सेवा दिसत नाही ते शुल्क नागरिक टाळतातच.

अन्य देशांचे अनुभव या बाबतीत एकाच दिशेचे नाहीत. जर्मनीत नगरपालिका आजही कुत्र्यावर कर घेतात. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो आणि पुढच्या प्रत्येकाला १८० युरो पडतात. २०२२ साली साऱ्या देशात या करातून ४० कोटी युरोंहून अधिक रक्कम जमा झाली. ब्रिटनने उलट १९८७ साली परवाना रद्दच केला, कारण शुल्क होते अवघे ३७ पेन्स आणि ते गोळा करण्याचा खर्च उत्पन्नाहून मोठा होता. पण त्याच इंग्लंडला २०१६ साली प्रत्येक कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीची सूक्ष्म चकती बसविणे सक्तीचे करावे लागले. कर नसला तरी चालते. मालक कोण हे कळल्यावाचून मात्र चालत नाही.

आपल्याकडे सरकारने अधूनमधून दाखविलेली कणखरता चुकीच्या ठिकाणी पडली. मार्च २०२४मध्ये केंद्राने तेवीस जाती ‘हिंस्र’ ठरवून त्यांच्या विक्रीवर व पैदाशीवर बंदी घालण्याचे पत्रक काढले. संबंधितांचे म्हणणे न ऐकता काढलेले ते पत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने महिन्याभरातच रद्द ठरविले. जातीवर बंदी घालणे सोपे असते, मालकाची नोंद ठेवणे कष्टाचे असते. वास्तविक २०१७ सालच्या नियमांनी पैदासकाराला राज्य मंडळाकडे नोंदणी करणे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू न विकणे बंधनकारक केलेलेच आहे. तरीही रस्त्याकडेच्या पिंजऱ्यांतून आणि मोबाइलवरच्या छायाचित्रांवरून महिन्याभराची पिल्ले सर्रास विकली जातात.

अंमलबजावणीची जागा विक्रीचा क्षण हीच असावयास हवी. तेथे ग्राहकाच्या खिशात पैसा असतो, त्याचा उत्साह ताजा असतो आणि विकणारा समोर असतो. पिल्लाच्या किमतीतच पहिल्या वर्षाच्या लसी, ओळखीची चकती आणि पालिकेची नोंद यांचा खर्च मिळविला, आणि नसबंदी केल्याचा दाखला आणणाऱ्याला शुल्काचा काही भाग परत केला, तर अठरा हजारांचे पिल्लू चोवीस हजारांना पडेल. हौसेपोटी घेणारे काही जण मागे फिरतील, आणि ते मागे फिरणे हाच या उपायाचा एक लाभ मानला पाहिजे. रस्त्यावरचे पिल्लू घरी नेणाऱ्याकडून मात्र एक पैसाही घेऊ नये. तो पालिकेचेच काम हलके करीत असतो. झोपडपट्टीत आणि चाळींत जी कुत्री अर्धी घराची व अर्धी गल्लीची असतात, त्यांच्यासाठी वर्षातून एकदा वस्तीतच लसीकरणाचे शिबिर भरवावे लागेल. गोळा झालेले शुल्क पालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत न बुडविता त्याच प्रभागातील नसबंदी, लसीकरण व एखाद्या साध्या दवाखान्यावर खर्च केले आणि त्याचा जमाखर्च दर वर्षी प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावला, तर परवाना काढण्यास लोक आजच्याइतके नाखूष राहणार नाहीत. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. १९४९चा अधिनियम आणि २०१७चे नियम एकत्र वाचणारा अधिकारी प्रत्येक महापालिकेत नेमावा लागेल, आणि त्याच्या हाताखाली पुरेशी माणसे द्यावी लागतील.